बास मासेमारीच्या स्पर्धा आणि लाइव्ह सोनार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत गळाने बास मासा पकडण्याच्या मोठ्या व्यावसायिक स्पर्धा होतात. या खेळात २०१८ नंतर एका यंत्राने जितकी उलथापालथ केली, तितकी आधीच्या पन्नास वर्षांत कशानेच केली नव्हती. ते यंत्र म्हणजे लाइव्ह सोनार: होडीच्या पुढे पाण्याखाली काय चाललंय ते प्रतिध्वनीच्या आधाराने ते त्याच क्षणी स्क्रीनवर दाखवतं. ते कसं चालतं, कसं बसवायचं, कुठे फसवतं आणि स्पर्धांच्या नियमांत त्याचं काय झालं, याबद्दल वारंवार येणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

बास म्हणजे हॉटेलात मिळतो तो बासा का?

नाही. बासा हा मेकाँग नदीच्या खोऱ्यातला, पंगसच्या कुळातला मासा. गोव्यात चोणक आणि कोकणात जिताडा म्हणतात तो एशियन सी बास, तोही वेगळा. इथे ज्याबद्दल बोलतोय तो उत्तर अमेरिकेच्या गोड्या पाण्यातला काळा बास, म्हणजे मायक्रोप्टेरस या वंशातले मासे. स्पर्धांमध्ये त्यातल्या दोन जाती सर्वांत महत्त्वाच्या: लार्जमाउथ आणि स्मॉलमाउथ. तोंड मिटलेलं असताना वरच्या जबड्याचं टोक डोळ्याच्या मागे गेलं तर लार्जमाउथ, डोळ्याच्या खालीच थांबलं तर स्मॉलमाउथ.

लार्जमाउथ दबा धरून बसणारा शिकारी आहे. बुडालेलं झाड, पाणवनस्पतींची कड, धक्क्याचे खांब अशा आडोशाला तो थांबतो. पण सगळे बास तसे नसतात. काही मासे शॅड नावाच्या छोट्या माशांच्या थव्यामागे उघड्या पाण्यात फिरत राहतात. त्यांना शोधणं पूर्वी जवळजवळ नशिबाचा भाग होता. नव्या सोनारने सगळ्यात मोठा फरक पाडला तो याच भटक्या माशांच्या बाबतीत.

लार्जमाउथचा जागतिक विक्रम २२ पौंड ४ औंसांचा आहे. जॉर्ज पेरी यांनी तो २ जून १९३२ रोजी जॉर्जिया राज्यात केला. २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी २२ पौंड ५ औंसांचा मासा पकडला, पण नियमाप्रमाणे जुना विक्रम मोडायला किमान २ औंस जास्त लागतात, म्हणून दोघांची बरोबरी धरली जाते.

स्पर्धा नेमकी कशी होते?

१९६७ मध्ये रे स्कॉट यांनी आर्कान्सामधल्या बीव्हर लेकवर १०६ गळकऱ्यांची स्पर्धा भरवली. तिथून आजची बी.ए.एस.एस. ही संस्था उभी राहिली. १९७१ मध्ये तिची पहिली बासमास्टर क्लासिक ही अजिंक्यपद स्पर्धा नेवाडातल्या लेक मीडवर झाली आणि बक्षीस होतं १० हजार डॉलर. आता क्लासिकच्या विजेत्याला ३ लाख डॉलर मिळतात.

बी.ए.एस.एस.च्या पद्धतीत दिवसभरात कितीही मासे पकडा, वजन होतं ते सर्वांत मोठ्या पाचांचंच. मासे होडीतल्या पाण्याच्या हौदात, म्हणजे लाइव्हवेलमध्ये, जिवंत ठेवतात, संध्याकाळी तोलतात आणि पाण्यात सोडतात. मेलेल्या माशामागे वजन कापलं जातं. आमिष कृत्रिमच असावं लागतं. मासा होडीत घ्यायला जाळी वापरता येत नाही, हाताने उचलावा लागतो. मेजर लीग फिशिंग या दुसऱ्या संस्थेच्या बास प्रो टूर या मालिकेत पद्धत निराळी आहे: मासा होडीतच तोलायचा आणि लगेच सोडायचा, गुणफलक तिथल्या तिथे बदलतो.

पौंडाचे औंस सोळा. तीन-चार दिवसांच्या स्पर्धेचा निकाल काही औंसांवर लागू शकतो, म्हणून एका माशाची किंमत इथे फार मोठी.

सोनारचं मूळ तत्त्व काय?

ट्रान्सड्यूसर नावाचा भाग पाण्यात ध्वनीचा छोटा स्पंद सोडतो आणि परत येणारा प्रतिध्वनी ऐकतो. गोड्या पाण्यात, २० अंश सेल्सिअसला, ध्वनी सेकंदाला सुमारे १४८० मीटर जातो. १५ मीटरवरच्या माशाकडे जाऊन परत यायला त्याला जेमतेम ०.०२ सेकंद लागतात. लागलेल्या वेळावरून अंतर कळतं आणि प्रतिध्वनीच्या जोरावरून वस्तू किती ठळक आहे ते कळतं.

माशाचं मांस घनतेने पाण्याच्या जवळचं असतं, त्यामुळे त्याचा प्रतिध्वनी फारसा येत नाही. स्क्रीनवर चमकतो तो मुख्यतः त्याच्या पोटातल्या वाताशयाचा, म्हणजे हवेच्या पिशवीचा. ठिपका मोठा म्हणजे मासा मोठा असं समजणारे म्हणूनच फसतात. मासा तुमच्याकडे आडवा आहे की तोंड करून आहे, यावरही ठिपक्याचा आकार बदलतो.

वारंवारता हा दुसरा मुद्दा. २०० किलोहर्ट्झला लहरीची लांबी सुमारे ७.४ मिलिमीटर असते, १ मेगाहर्ट्झला दीड मिलिमीटर. लहर जितकी आखूड, तितका तपशील बारीक, पण पाण्यात ती तितकीच लवकर विरते. लांबचंही हवं आणि बारीकही हवं, असं एकाच वारंवारतेत मिळत नाही.

मग जुन्या फिश फाइंडरमध्ये आणि लाइव्ह सोनारमध्ये फरक काय?

१९५९ च्या सुमारास कार्ल लोरन्स यांच्या कंपनीने गळकऱ्यांसाठी हातात नेता येईल असा सोनार आणला. त्याच्या हिरव्या डब्यामुळे लोक त्याला ‘छोटा हिरवा डबा’ म्हणत. तो होडीच्या खाली काय आहे तेवढं सांगायचा. नंतर कागदावर आणि स्क्रीनवर आलेख काढणारी यंत्रं आली, आणि २००५ मध्ये हमिनबर्ड या कंपनीने दोन्ही बाजूंचा तळ दाखवणारं साइड इमेजिंग आणलं. चित्र काढणाऱ्या या यंत्रांत एक गोष्ट समान आहे: स्क्रीनवर दिसतो तो भूतकाळ. होडी पुढे सरकत असताना स्क्रीनच्या एका कडेने नवी रेघ येत जाते. मासा दिसतो तेव्हा होडी त्याच्यावरून गेलेली असते आणि मासा तिथे असेलच असं नाही.

गार्मिन या कंपनीने २०१५ मध्ये पॅनोप्टिक्स आणि २०१८ मध्ये लाइव्हस्कोप आणलं. त्यात ट्रान्सड्यूसरच्या आत अनेक छोटे घटक असतात आणि त्यांच्या ध्वनीची वेळ किंचित मागेपुढे करून किरण इलेक्ट्रॉनिक पद्धतीने फिरवला जातो. काही हलवायचं नसल्यामुळे चित्र सेकंदाला अनेक वेळा नवं होतं. मासा वळला तर वळताना दिसतो, गळाचं आमिष बुडताना दिसतं. त्यामागून लोरन्सचं ॲक्टिव्हटार्गेट २०२० मध्ये आणि हमिनबर्डचं मेगा लाइव्ह २०२१ मध्ये आलं. होडीच्या पुढचं दाखवतं म्हणून याला फॉरवर्ड-फेसिंग सोनार म्हणतात आणि ते बघत गळ टाकण्याला ‘स्कोपिंग’.

स्क्रीनवर मासा दिसतो, पण गळ टाकल्यावर आमिष दिसतच नाही. असं का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि याचं उत्तर समजलं की अर्धं काम झालं.

लाइव्हस्कोपचा किरण उभ्या दिशेत १३५ अंश पसरतो, पण आडव्या दिशेत फक्त २० अंश. कलिंगडाची उभी, पातळ फोड डोळ्यांसमोर आणा. तिच्या आत जे आहे तेवढंच स्क्रीनवर येतं. १० मीटरवर या फोडीची रुंदी साधारण ३.५ मीटर असते, १५ मीटरवर ५.३ मीटर आणि २० मीटरवर ७ मीटर. १० मीटरवरच्या माशासाठी गळ दोन मीटर बाजूला पडला, तर तो फोडीच्या बाहेर गेला आणि स्क्रीनवर काहीच आलं नाही.

याची दुसरी बाजू जास्त त्रासदायक आहे. सोनार अंतर मोजतं, पण त्या फोडीच्या रुंदीत वस्तू डावीकडे आहे की उजवीकडे, हे सांगत नाही. २० मीटरवर मासा फोडीच्या डाव्या कडेला आणि आमिष उजव्या कडेला असलं, तरी दोन्ही ट्रान्सड्यूसरपासून सारख्या अंतरावर आणि सारख्या खोलीवर असल्याने स्क्रीनवर एकमेकांना चिकटलेले दिसतात. प्रत्यक्षात त्यांच्यात सात मीटरचं अंतर असतं. ‘नाकासमोर टाकलं तरी खाल्लं नाही’ या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असतं.

उपाय असा: मासा दिसला की ट्रान्सड्यूसर हळूहळू डावीकडे फिरवा, मासा फिका होईल ती दिशा लक्षात ठेवा. मग उजवीकडे फिरवा आणि दुसरी फिकी दिशा धरा. दोहोंच्या मधोमध मासा असतो. ट्रान्सड्यूसरच्या खांबाच्या वरच्या टोकाला दिशा दाखवणारा बाण किंवा रंगीत पट्टी लावलेली असली की त्या रेषेत नजर धरून गळ टाकता येतो. आणि गळ माशावर टाकू नका. दोन-तीन मीटर पलीकडे टाका आणि त्याच रेषेत ओढत आणा.

यंत्र बसवताना कुठे चुका होतात?

मुख्य भाग पाच: ट्रान्सड्यूसर, त्याचा गणन करणारा काळा डबा, स्क्रीन, बॅटरी आणि वायर. लाइव्हस्कोपमध्ये काळा डबा वेगळा असतो, काही यंत्रांत तो ट्रान्सड्यूसरमध्येच असतो.

ट्रान्सड्यूसर एकतर पुढच्या इलेक्ट्रिक मोटरच्या दांड्यावर बसवतात किंवा स्वतंत्र फिरत्या खांबावर. मोटरवर बसवलं की पायातल्या पेडलने एकाच वेळी होडीही वळते आणि नजरही, त्यामुळे वाऱ्यात हाल होतात: होडी जागेवर धरायला मोटर वळवावी लागते आणि मासा स्क्रीनवरून जातो. स्वतंत्र खांबावर दोन्ही कामं सुटी होतात, पण एक हात किंवा दुसरं पेडल त्यात गुंततं.

सर्वांत जास्त बिघडते ती केबल. मोटर उचलून होडीवर आडवी ठेवताना केबल बिजागरीत चिमटली जाते. पहिल्यांदा चित्रात आडव्या रेघा येतात, मग सोनार अधूनमधून बंद पडतं, शेवटी पूर्ण जातं. केबल बांधताना मोटर पूर्ण खाली, पूर्ण वर आणि दोन्ही बाजूंना पूर्ण वळवलेली अशी प्रत्येक स्थितीत बघा, आणि बिजागरीजवळ सैल वळसा ठेवा. प्लास्टिकच्या पट्ट्या करकचून आवळू नका. केबल कापून छोटी करण्याच्या फंदात तर अजिबात पडू नका.

दुसरी चूक वीजपुरवठ्याची. बॅटरी मागे आणि स्क्रीन पुढे. २० फूट अंतर धरलं तर जाऊन-येऊन ४० फूट वायर झाली. त्यातून १० अँपिअर वाहत असतील, तर १२ गेजच्या वायरमध्ये सुमारे ०.६ व्होल्ट वाटेतच जातात, त्याहून जाड ६ गेजमध्ये ०.१६. बॅटरी दुपारी थोडी उतरलेली असते, त्यात ही गळती, आणि मोठं इंजिन चालू करताना व्होल्टेज आणखी बसतं. मग यंत्र ऐन मोक्याच्या वेळी बंद होऊन पुन्हा चालू होतं. म्हणून सोनारसाठी वेगळी बॅटरी, जाड वायर आणि बॅटरीजवळ फ्यूज हवाच. १०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी १० अँपिअर भारावर, ८० टक्के वापर धरला, तर आठ तास पुरते. १६ व्होल्टची बॅटरी लावायचा विचार असेल, तर आधी स्क्रीन आणि काळा डबा या दोघांचीही कमाल व्होल्टेजमर्यादा पुस्तिकेत बघा.

सोनारची केबल इलेक्ट्रिक मोटरच्या वीजवायरला चिकटून नेली, तर मोटरचा वेग वाढवताच चित्रात ठिपक्यांचा पाऊस येतो. दोन्ही वेगळ्या बाजूंनी न्या.

सेटिंग काय ठेवायचं?

पुढची कक्षा ६० ते ८० फूट. जास्त ठेवली तर मासा स्क्रीनवर तांदळाच्या दाण्याएवढा होतो आणि तिथपर्यंत गळ नेमका टाकणंही कठीण. खोलीची कक्षा प्रत्यक्ष खोलीपेक्षा थोडी जास्त, म्हणजे तळ स्क्रीनच्या खालच्या भागात दिसतो. खोली आपोआप बदलण्याची सोय बंद ठेवा, कारण चित्राचं प्रमाण सारखं बदललं की डोळ्यांचा अंदाज चुकतो.

गेन, म्हणजे प्रतिध्वनी किती वाढवून दाखवायचा, हे महत्त्वाचं. आधी ते इतकं वाढवा की पाण्यात धुळीसारखे ठिपके दिसू लागतील, मग ते जेमतेम उरतील इथपर्यंत कमी करा. गेन फार कमी ठेवला तर चित्र सुंदर दिसतं, पण ८ ग्रॅमचं आमिष त्यात दिसत नाही. गढूळ पाण्यात आणि शेवाळ फुललेल्या दिवसांत वेगळं सेटिंग लागतं, कालचं आज चालेल असं धरू नका. आवाज कमी करणारी फिल्टरं कमीतकमी ठेवा. ती जास्त लावली की नको असलेल्या ठिपक्यांबरोबर आमिषही पुसलं जातं.

बुडालेल्या झाडाच्या आसपास कधीकधी त्याची फिकी सावली उमटते. ती किरणाच्या कडांची गळती असते, झाड नव्हे. गार्मिनमध्ये त्यासाठी ‘घोस्ट ट्री रिजेक्ट’ आहे, ते बेताने वापरा.

तळाची रेघ अचानक तिरकी दिसू लागली, तर ट्रान्सड्यूसर खोडाला धडकून पट्टीत सरकला आहे का ते आधी बघा. होडीचं वरखाली होणं यंत्राच्या आतला संवेदक सांभाळून घेतो, पण सरकलेली पट्टी त्याला दुरुस्त करता येत नाही.

बास कुठला आणि कार्प किंवा कॅटफिश कुठला, हे कसं ओळखायचं?

आकारावरून नाही, वागण्यावरून. कार्प तळाजवळ जड, संथ चालतो आणि आमिषाकडे ढुंकूनही बघत नाही. कॅटफिश बहुतेक तळाला चिकटून राहतो. शॅडचा थवा ढगासारखा दिसतो. त्या ढगाच्या खाली किंवा कडेला सुटे, ठळक ठिपके असतील आणि ढग मधूनच फाटत असेल, तर शिकारी खाली आहेत.

आमिष जवळ गेल्यावर बास काय करतो, ते नीट बघा. ठिपका आधी थबकतो, मग लांबट होतो, म्हणजे मासा आडवा वळला. मग आमिषाच्या मागे आणि थोडा खाली येतो. आमिषाची बारीक तिरकी रेघ आणि माशाचा ठिपका एक होतो. कधी दोरीला ठणका बसतो, कधी ती नुसती सैल पडते, कारण मासा आमिष घेऊन वर आलेला असतो. स्क्रीन बघत राहिलात आणि दोरी विसरलात, तर हा दुसरा चावा हमखास निसटतो.

मासा मागे येतो, पण खात नाही. काय करावं?

आमिष त्याच्या खाली जाऊ देऊ नका. बास वर बघून शिकार करतो, खाली गेलेल्या वस्तूमागे क्वचितच जातो. आमिष त्याच्या डोक्याच्या वर दोन-तीन फुटांवर ठेवा.

मागे लागला की वेग कमी करू नका. घाबरलेलं भक्ष्य थांबत नाही, पळतं. गती तशीच ठेवा किंवा किंचित वाढवा. दोन-तीनदा येऊन परत गेला तर त्याला सोडा, दुसरा शोधा, अर्ध्या तासाने परत या. एका माशावर वीस गळ टाकण्यात दिवस जातो. स्पर्धेत हरणाऱ्यांचा सर्वांत जास्त वेळ इथेच जातो, असं आमचं स्पष्ट मत आहे.

होडीही फार जवळ नेऊ नका. उथळ आणि नितळ पाण्यात बास होडीच्या सावलीला, इलेक्ट्रिक मोटरच्या चालू-बंद आवाजाला बिचकतो. मोटर एकाच मंद वेगावर ठेवा.

कोणतं आमिष लागतं?

बहुतेकांच्या दोरीला असतो चार-पाच इंची मऊ प्लास्टिकचा छोटा मासा, गोल शिशाच्या किंवा टंगस्टनच्या डोक्याच्या गळावर ओवलेला. वजन १/८ ते ३/८ औंस. २० फूट खोल आणि वारा असेल तर जड, उथळ आणि शांत पाण्यात हलकं. काठीच्या टोकाला सारखा बारीक कंप देत तो आडवा ओढायचा. गळ प्लास्टिकच्या पाठीतून अगदी मधोमध निघाला पाहिजे. एका बाजूला गेला तर आमिष गरगर फिरतं आणि मासा परत जातो. दोर ८ ते १० पौंडांचा ताण सोसणारा फ्लुरोकार्बन, काठी सात फुटांच्या आसपास, टोक लवचीक. थंड पाण्यात जर्कबेट नावाचं कडक, लांबट आमिष चालतं: दोन झटके, मग थांबा, आणि मासा स्क्रीनवर कुठे आहे त्यावरून थांबण्याचा वेळ ठरवा.

लाइव्ह सोनार कुठे निरुपयोगी?

दाट पाणवनस्पतीत, धक्क्यांखाली, चार-पाच फुटांपेक्षा उथळ पाण्यात. वनस्पतीच्या पानांवर हवेचे बुडबुडे असतात, ते भिंतीसारखे चमकतात आणि पलीकडचं काही दिसत नाही. अंडी घालायला किनाऱ्याशी आलेला बास तर डोळ्यांनीच दिसतो.

स्पर्धांमध्ये या यंत्राने खरंच निकाल बदलले का?

हो. नोव्हेंबर २०२० मध्ये टेक्सासच्या लेक फोर्कवर पॅट्रिक वॉल्टर्स यांनी १०४ पौंड १२ औंसांनी स्पर्धा जिंकली, तीही दुसऱ्यापेक्षा २९ पौंड १० औंस जास्त तोलून. झाडांमधल्या माशांवर लाइव्ह सोनारने गळ टाकून. २०२३ ची क्लासिक कॅनडाच्या जेफ गुस्ताफसन यांनी टेनेसीत जिंकली, खोल पाण्यातले स्मॉलमाउथ स्क्रीनवर बघून. फेब्रुवारी २०२४ मध्ये १९ वर्षांच्या ट्रे मॅकिनी यांनी लेक फोर्कवर १३० पौंड १५ औंस तोलून बी.ए.एस.एस.च्या एलिट या सर्वोच्च मालिकेतली स्पर्धा जिंकली, आणि २०२५ ची क्लासिक २२ वर्षांच्या ईस्टन फॉदरगिल यांनी.

वयाकडे लक्ष द्या. पूर्वी एखादं जलाशय समजायला वीस वर्षं लागायची: कुठला उंचवटा, कुठली जुनी नदीची वळणं, कुठल्या महिन्यात मासा कुठे. आता विशीतला मुलगा अनोळखी पाण्यावर जातो आणि तीन दिवसांत मासे शोधतो. जुन्या लोकांची चीड समजण्यासारखी आहे. पण या मुलांकडे यंत्राखेरीज काही नाही, हे म्हणणं चूक आहे. तेच यंत्र प्रत्येक होडीवर आहे आणि तरी जिंकणारे तेच ते आहेत. हलत्या माशापुढे १५ मीटरवर, वाऱ्यात, दिवसातून शेकडो वेळा नेमका गळ टाकणं ही त्यांची कमाई आहे.

मग नियम काय झाले?

नॅशनल प्रोफेशनल फिशिंग लीगने २०२४ पासून आपल्या स्पर्धांत ते बंदच केलं. मेजर लीग फिशिंगच्या बास प्रो टूरने २०२५ मध्ये मधला मार्ग घेतला: दिवसाचे तीन भाग आणि त्यांतल्या एकाच भागात लाइव्ह सोनार वापरायची मुभा, कुठला भाग ते गळकऱ्याने ठरवायचं. बी.ए.एस.एस.ने २०२५ मध्ये एलिट मालिकेत होडीवर असा एकच ट्रान्सड्यूसर आणि सगळ्या स्क्रीनची मिळून बेरीज ५५ इंच, अशी मर्यादा घातली. २०२६ साठी काही ठरावीक स्पर्धा या यंत्राशिवाय घ्यायचं ठरलं.

आमच्या मते वेळेची मर्यादा सर्वांत न्याय्य आहे. स्क्रीनचे इंच मोजून खर्च थोडा आवरतो, पण खेळाची पद्धत बदलत नाही, कारण मासा पकडायला एकच स्क्रीन पुरते. वेळेच्या मर्यादेत मात्र गळकऱ्याला दोन्ही विद्या लागतात, आणि यंत्र सकाळी वापरायचं की वारा पडल्यावर दुपारी, हा निर्णयही खेळाचा भाग होतो. बघणाऱ्यांच्या दृष्टीनेही ते बरं. चार तास खाली मान घालून स्क्रीन बघणारा माणूस दाखवून प्रेक्षक टिकत नाहीत, ही तक्रार रास्त आहे.

खर्च किती?

लाइव्हस्कोप आलं तेव्हा काळा डबा आणि ट्रान्सड्यूसर मिळून सुमारे १५०० डॉलर होते. मोठी स्क्रीन, बॅटरी, खांब आणि वायर धरली की पूर्ण संच काही हजार डॉलरवर जातो. शिकायला नऊ-दहा इंची स्क्रीन पुरेशी आहे. पैसे आधी बॅटरीवर आणि वायरवर घाला.

माशांना याचा त्रास होतो का?

ध्वनीपेक्षा खोलीचा धोका खरा आहे. २५-३० फुटांखालून मासा वर आणला की दाब कमी होऊन वाताशय फुगतं. सोडल्यावर मासा कुशीवर तरंगतो, खाली जाऊ शकत नाही आणि उन्हात मरतो. लाइव्ह सोनारमुळे असे खोल मासे पूर्वीपेक्षा सहज सापडतात, म्हणून ही जबाबदारी आपली आहे.

लाइव्हवेलमध्ये मासा उलटा होऊ लागला, तर पोकळ सुईने हवा काढतात. पण जागा चुकली तर आतडं किंवा मूत्रपिंड फाटतं. शिकलेल्याकडून हाताला हात लावून शिकल्याशिवाय करू नका. तोवर माशाच्या खालच्या परांना चिमट्याने छोटी वजनं लावून त्याला सरळ ठेवता येतं. हौदातलं पाणी सरोवरापेक्षा पाच-आठ अंश फॅरनहाइटच थंड ठेवा. एकदम बर्फगार केलं तर सोडताना दुसरा धक्का बसतो. मोठा मासा नुसत्या जबड्याला धरून आडवा करू नका, दुसरा हात पोटाखाली द्या. आणि स्पर्धा नसेल, तर खोल पाण्यातले चार-पाच मासे झाले की ती जागा सोडा.

अमेरिकेत राहणाऱ्या आणि नव्याने सुरू करणाऱ्याला परवाना लागतो का?

लागतो, आणि तो राज्याचा असतो. टेक्सासमध्ये १७ व्या वर्षापासून, न्यू जर्सीत १६ व्या वर्षापासून. टेक्सासमध्ये बहुतेक पाण्यांवर लार्जमाउथ किमान १४ इंचांचा असावा आणि दिवसाला पाच काळे बासच ठेवता येतात. काही जलाशयांचे नियम वेगळे असतात, ते त्या राज्याच्या वन्यजीव विभागाच्या संकेतस्थळावर जलाशयाच्या नावाने बघा. शनिवारी भाड्याच्या होडीवर जाणाऱ्याला लाइव्ह सोनारची गरज नाही. किनाऱ्याजवळच्या बुंध्यांशी मऊ प्लास्टिकचा किडा टाकून बास मिळतो.

हे यंत्र महाराष्ट्रात मरळीसाठी चालेल का?

फारसं नाही. मरळ हवेत श्वास घेणारा मासा. तो उथळ, वनस्पतींनी भरलेल्या पाण्यात राहतो आणि मधूनमधून पृष्ठभागावर येऊन हवा घेतो. अशा पाण्यात सोनार आंधळं असतं, आणि मरळ जिथे श्वास घेताना उठते तिथे डोळ्यांनीच लक्ष ठेवणं जास्त फायद्याचं. पृष्ठभागावर ओढायचा रबरी बेडूक हेच तिचं खरं आमिष. पिलांच्या लालसर घोळक्याखाली राखण करणाऱ्या मरळीवर मात्र गळ टाकू नका, ती गेली की पिलं दुसऱ्या माशांच्या तोंडी जातात. कोकणात ट्रॉलरवर असतं ते फिश फाइंडर खाली बघणारं, जुन्या तत्त्वाचं आहे, आणि समुद्रात जाळं टाकायला तेच कामाचं. लाइव्ह सोनार इथे उपयोगी पडेल ते धरणांच्या खोल, उघड्या पाण्यात. मात्र तिथे जाण्याआधी जलाशयाची मासेमारी कोणाच्या ताब्यात आहे, गळाला आणि होडीला परवानगी आहे का, हे पाटबंधारे कार्यालयात आणि मच्छीमार सहकारी संस्थेत विचारून घ्या.